सामायिक विहिरीचं कासव

मला स्वस्थ बसता येत नाही. खुर्चीत बसलो तर खुर्चीचा सैल झालेला खिळा आधी सापडतो. बायको भाकरी भाजत असली तर मी जाऊन चुलीतलं लाकूड पुढं-मागं करून येतो, आणि भाकरी करपते. "तुमचे हात बांधून ठिवायला पायजेत," असं ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणते आहे. हात बांधण्याऐवजी तिनं मला परसातला कोपरा दिला. तिथं मी तळं केलं.

तळं म्हणजे काही फार मोठं नाही. दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढा खड्डा, त्यात कुणाच्या तरी शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद, कागदावर काळी माती, आणि त्यावर पाणी. एका कडेला पाणकणीस लावलं, मधे कुमुदिनीचा एक गड्डा सोडला. पहिल्या दोन पावसाळ्यांत बेडूक आपणहून आले, चतुर आले, एक खंड्या रोज सकाळी तारेवर येऊन बसायला लागला. ओढ्यातले चिंगळे मासे मीच आणून सोडले. धारूरच्या डोंगरकडेला आमचं गाव. इथं पाण्याचं एवढं लाडकोड कुणी करत नाही, त्यामुळं लोक गंमत म्हणून बघायला यायचे. मी त्या वेळी गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधातलं पाणी शोधायचं आणि मधल्या वेळात माझ्या पाण्यात काय काय आहे ते शोधायचं, असा माझा दिवस जायचा.

मग एका वर्षी पावसानं पाठ फिरवली. बाजरी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच थांबली. दसऱ्याच्या सुमाराला आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला.

ही विहीर माझी आणि माझ्या थोरल्या चुलत भावाची. बाकी सगळं आमच्या बापांच्या हयातीतच वाटून झालेलं. रान वाटलं, बैल वाटले, बांधावरची बाभूळसुद्धा तोडून लाकडं निम्मी-निम्मी केली. विहीर तेवढी सामायिक राहिली, कारण ती कापता येत नाही. आणि विहिरीत एक कासव. आमच्याकडं विहिरीला पाणी लागलं की त्यात कासव सोडतात. ते किडामुंगी, शेवाळ खातं, पाणी नितळ ठेवतं, आणि कासव असेपर्यंत विहीर आटत नाही अशी समजूत. आमचं कासव दोघांच्या बापांनी मिळून सोडलेलं. आमच्या लहानपणी वरून बादली पडून त्याच्या पाठीचा एका कडेचा टवका उडाला होता. बादली कुणाच्या हातून सुटली यावर आम्ही दोघं अजून भांडतो.

दादा आणि वहिनी दरवर्षी ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं जातात. त्या वर्षी निघायच्या आदल्या सकाळी दादा घमेलं घेऊन परसात आला. घमेल्यात चिखल, आणि चिखलात कासव.

"कुठं ठिवू बे ह्याला?"

"हे काय?" मी विचारलं.

"मगर हाय. डोळे फुटले का तुझे? विहिरीत आता नुस्ता गाळ उरलाय. येत्या पंधरवड्यात त्यो बी वाळंल. गावात पानी असलेला तू एकलाच शाना."

त्यानं घमेलं तळ्याच्या काठावर कलतं केलं. कासवानं जरा वेळ विचार केला, मग पाण्यात सरकलं आणि पाणकणसाच्या मुळांत दिसेनासं झालं. दादा गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिला.

"मी येईस्तोर जित्तं पायजे," तो म्हणाला. "मेलं तर विहिरीचं बी मिटलं. मी माझं बोअर घेतो, तू तुझं घे. मंग कुनाचा कुनाला तरास न्हाई."

हसत म्हणाला, पण मी त्याला ओळखतो. गंमत करायची असली की दादा अजिबात हसत नाही. विहीर सुटली की आमच्यात एकत्र असं काहीच उरणार नव्हतं. पाळी कुणाची म्हणून पहाटे विहिरीवर होणारी भांडणंसुद्धा नाहीत. आणि ती भांडणं नसली तर आम्ही दोघं एकमेकांशी बोलणार तरी कशाला?

मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमाला काय बी करायचं न्हाई. नुस्तं बघायचं हाय."

नुसतं बघायचं. हेच तर मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

सुरुवातीला सगळं गोड चाललं होतं. कासव सकाळी काठाजवळच्या विटेवर येऊन ऊन खायचं. मी दिसलो की टुपकन पाण्यात. थोड्या वेळानं पाण्यावर नाकाची दोन भोकं यायची. ती दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा. संध्याकाळी दादाचा उसाच्या फडातून फोन यायचा. मागं ट्रॅक्टर घुरघुरत असायचा.

"काय म्हनतंय?"

"खातंय-पितंय."

"तू काय खुडबुड करत न्हाईस ना?"

"न्हाई बा."

पण पाणी कमी होत होतं. गावात टँकर सुरू झाला होता. टँकरचं पाणी तळ्यात ओतलं असतं तर गावानं मलाच त्यात बुडवलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. आमच्या अंघोळीचं पाणी मी तळ्याकडं वळवलं, भाज्या धुतलेलं पाणी वळवलं, तरी पुरेना. पाणी रोज खाली जाताना बघून माझ्या तळपायाला मुंग्या यायच्या. तेव्हा माझ्या सेक्रेटरी डोक्यात एक कल्पना आली.

दूध संस्थेत संकलन झालं की कॅन विसळतात. सोडा घालून धुण्याआधी एकदा नुसत्या पाण्यानं खळखळून ओततात. हे पहिलं पाणी पांढरट असतं, त्यात सोडा नाही, साबण नाही. रोज बादल्याच्या बादल्या गटारात जात होत्या. दुष्काळात! मला वाटलं, वा, पाणी पण आणि खुराक पण. माणसाच्या पोराला आपण दूध-पाणी पाजतोच की. मी सायकलच्या दोन्ही बाजूंना बादल्या अडकवून ते पाणी आणायला लागलो.

पहिल्या दिवशी तळं गढूळ झालं. आठवडाभरात ते हिरवंगार झालं, वाटलेल्या कोथिंबिरीसारखं. मग वास सुटला. उन्हात विसरलेल्या ताकाच्या गाडग्याचा असतो तसला. चिंगळे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मी तिथं उभा राहून त्यांच्याकडं बघत होतो, ते माझ्याकडं बघत होते, आणि दोघांनाही कळत नव्हतं की नेमकं काय चाललंय.

आता पाण्याची तपासणी करायला हवी होती. माझ्याकडं तपासणीचं एकच हत्यार. मी संस्थेतून लॅक्टोमीटर आणला आणि तळ्यातलं पाणी नळीत घेऊन त्यात सोडला. कुंपणापलीकडून दूध घालायला निघालेला एक गवळी थांबला. त्याचं दूध मी त्याच सकाळी परत केलं होतं.

"सेक्रेटरी," तो म्हणाला, "काय लागलं तळ्याला? म्हशीचं धरायचं का गाईचं?"

दुसऱ्या दिवशी संस्थेसमोरच्या रांगेत तोच विषय. "सायबाच्या तळ्याला फॅट बरी हाय म्हनं." "आमच्या दुधात पानी चालत न्हाई, ह्यांच्या पान्यात दूध चालतंय." मी मान खाली घालून मापं घेतली.

घरी बायको म्हणाली, "कावून असं करता? वहिनी काय बोलून गेल्या? नुस्तं बघा म्हनल्या ना?"

"बघतोच आहे."

"लॅक्टोमीटर घालून?"

मी दुधाचं पाणी बंद केलं. इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हिरवं तळं समोर दिसत असताना थांबणार कसा? शीतकरण केंद्रावरून दुधाची गाडी यायची, तिचा ड्रायव्हर परळीकडचा. त्यानं सांगितलं की जलपर्णी टाका, ती पाण्यातली घाण पिऊन टाकते, तिकडं एका तलावात ढीगभर पडलीय. मी म्हणालो, आण. त्यानं दुसऱ्या दिवशी कॅनांच्या मधे एक पोतं भरून आणली. फुगीर देठांची, चकचकीत पानांची, जांभळ्या तुऱ्यांची. एवढी देखणी वनस्पती वाईट असेल असं कुणाला वाटेल?

आणि खरंच, तिनं काम केलं. हिरवेपणा ओसरला, वास कमी झाला. मी गवळ्याला बोलावून दाखवलंसुद्धा. त्यानं तोंड वाकडं केलं आणि मला दिवसभर बरं वाटलं.

मग ती वाढायला लागली. एका रोपाची दोन, दोनाची चार, असं करत करत तिनं सगळं तळं झाकून टाकलं. कुमुदिनीची पानं खाली दबली. वीट दिसेना, नाकाची भोकं दिसेनात. आणि पाणी आधीपेक्षा जोरात उतरायला लागलं. मी एक काठी रोवून त्यावर खुणा केल्या होत्या. दर तासाला जाऊन बघायचो. संस्थेतून निमित्त काढून घरी यायचो, काठी बघायचो, परत जायचो. ही बया नुसती घाण पीत नव्हती, पाणीही पीत होती आणि पानांतून उन्हात उडवून देत होती. मी पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं पाणी.

एका रविवारी माझा तोल गेला. लुंगी वर खोचली आणि उतरलो. दोन्ही हातांनी जलपर्णी ओढून काढायला लागलो. तिची काळी, केसाळ मुळं एकमेकांत गुंतलेली, त्यांच्यात कुमुदिनी गुंतलेली, कुमुदिनीच्या खाली चिखल. राग असा चढला होता की हाताला लागेल ते उपटत सुटलो. पाणकणीसही निम्मं उपटलं. का, ते विचारू नका. दुपारी थांबलो तेव्हा काठावर हिरव्या घाणीचा ढीग होता आणि तळ्यात काळी शाई. तळाचा कुजका गाळ सगळा वर आला होता. गटार फुटल्यासारखा वास. संध्याकाळपर्यंत उरलेसुरले चिंगळे पांढरी पोटं वर करून तरंगले.

कासव दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिसलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ढिगाऱ्यातलं एकेक रोप झटकून बघितलं. बाहेर पडून गेलं असेल म्हणून कुंपण तपासलं, ओढ्यात उतरून कोरड्या वाळूत पावलांच्या खुणा शोधल्या, कुणाच्या कडब्याच्या गंजीखाली हात घातला तर विंचू निघाला. गावात बातमी झाली. "सेक्रेटरी, सापडलं का?" असं लहान-थोर सगळे विचारायला लागले. एकानं सुचवलं, की दुसरं कुठलं तरी आणून सोडा, कासव ते कासव. मला टवका उडालेली पाठ आठवली आणि मी परत ढिगारा झटकायला लागलो.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय म्हनतंय?"

"पाण्यातच हाय," मी म्हणालो. फोन ठेवला. बायको समोर उभी.

"तुमाला कसं कळलं पान्यातच हाय?"

"बाहेर सापडलं नाही ना, मग पाण्यातच असणार."

ती चुलीकडं वळली. पण दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला, तो तिनं उचलला आणि मी अंगणात असताना सरळ सांगून टाकलं: "जाऊबाई, कासव दिसना झालंय. ह्यांनी तळं नांगरलं."

त्यानंतर दादाचे फोन बंद झाले.

मी रोज त्या वेळेला फोन हातात घेऊन बसायचो, उठायचो, परत बसायचो. त्याला रेंज नसेल, बॅटरी गेली असेल, फड बदलला असेल. मीही लावला नाही. लावून काय सांगणार होतो? मग गावात कुणीतरी म्हणालं, की तुझ्या दादानं बोअरवाल्याची चौकशी केली म्हणे, फोनवरून. त्या रात्री जेवताना माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली. बायकोनं ती उचलली.

याच सुमाराला गावातल्या गुरांचा चारा संपला आणि गुरं चारा छावणीत गेली. छावणी गावापासून लांब, माळावर. गुरं तिथं तर दूध तिथं, दूध तिथं तर संस्था तिथं, आणि संस्था तिथं तर मी तिथं. चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांचे भारे, शेडनेटच्या सावल्या, दिवसभर हंबरणं, आणि दूध तर एवढं आटलेलं की कॅनचा तळ झाकायची मारामार. मी मुक्कामालाच राहायला लागलो. आठवड्यात एखाद्या वेळी कपडे बदलायला घरी यायचो, तेही अंधारात, आणि परसाकडं बघायचं टाळायचो. छावणीत माझे हात शांत होते असं समजू नका. तिथल्या लोकांनी मला दोनदा सांगितलं की गुरांच्या दाव्यांच्या गाठी परत परत सोडून बांधू नका.

उन्हाळा तापल्यावर एकदा दिवसा घरी आलो. परसात तळ्यावर बायकोचं जुनं लुगडं चार खुंट्यांना ताणून बांधलेलं.

"हे काय?"

"वास घरात येत होता. झाकून टाकलं. मेलेल्यावर आपन टाकतोच की कापड."

मी लुगड्याची कड उचलली. पाणी उरलं होतं पोटरीएवढं. पण त्यातून तळ दिसत होता. उपटायचं राहून गेलेलं पाणकणीस कोपऱ्यात हिरवं उभं होतं, त्याला नवे कोंब फुटले होते. कुमुदिनीचं एक पान, तळहाताएवढं, वर आलेलं. एक लाल चतुर शेपटी बुडवून बुडवून अंडी घालत होता. सावली होती, गाळ बसला होता, न्हाणीचं पाणी थोडं थोडं येत होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मी नव्हतो. खरं सांगतो, मला अपमान वाटला. एवढी धडपड केली तेव्हा तळं मरत होतं, आणि छावणीत बसलो तर जगलं.

पण कासव नव्हतं. वीट कोरडी होती.

गुढीपाडव्यानंतर थोड्याच दिवसांत दादाची टोळी परत आली. उसाअभावी कारखाने लवकर बंद झाले होते. मला छावणीत निरोप मिळाला तसा मी सायकल दामटत घरी आलो. मनात भाषण तयार करत होतो. त्यात दुष्काळ होता, दैव होतं, जलपर्णीचा ड्रायव्हर होता. मी सोडून सगळे होते.

दादा परसात उभा होता. एकटा नव्हता. त्याच्या बरोबर पांढऱ्या टोपीतला एक माणूस, तळहातावर नारळ आडवा धरून. बोअरची जागा बघणारा पाणाड्या. गावात दक्षिणेकडची बोअर मारायची गाडी आली होती, चार-पाच बोअर आधीच झाले होते, निम्मे कोरडे गेले होते.

"दादा, कधी आलास?"

"तू आधी सांग, कुठं गेलं?"

माझं भाषण बाजूलाच राहिलं. "दिसत न्हाई," एवढंच निघालं.

दादानं वाकून पाण्याकडं बघितलं. उन्हानं त्याचा चेहरा काळवंडला होता, बोटांना फडकी बांधलेली होती. "पानी तर चांगलं ठिवलंस," तो म्हणाला. ते मी ठेवलं नव्हतं, पण ती वेळ खुलाशाची नव्हती. पाणाड्या घड्याळ बघून म्हणाला, "चला पाटील, ऊन व्हायच्या आत रान बघू."

मी घाईघाईनं कुदळ शोधायला लागलो. चिखल उकरून बघू, निदान पाठ तरी सापडेल, देऊ त्याच्या हातात.

"कुदळ ठिव खाली!" दादा ओरडला. "खाली कागद हाय ना? फाडशील आनि हे बी घालवशील."

त्यानं चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि उतरला. हळूहळू, पायाच्या बोटांनी चिखल चाचपत. मी काठावर. मला उतरू नको असं त्यानं सांगितलं नव्हतं, तरी बायकोनं माझा सदरा मागून धरला होता. दादा पाणकणसापाशी गेला, थांबला.

"काय न्हाई. दगड हाय."

मी म्हणालो, "मी तळ्यात दगड टाकलाच न्हाई. कागदाला भोक पडतं म्हणून एकसुद्धा नाही."

दादानं माझ्याकडं बघितलं. मग वाकून दोन्ही हात चिखलात कोपरापर्यंत घातले, आणि पाणकणसाच्या मुळांखालून एक काळा, गोल गोळा वर काढला. चिखल ओघळला. पाठीच्या एका कडेला टवका. गोळा जरा वेळ गोळाच राहिला. मग त्यातून एक डोकं सावकाश बाहेर आलं, डोळे मिटलेले, आणि दादाच्या हातावर फस्सकन फुसकारलं.

"आयला!" दादा दचकला, पण सोडलं नाही.

उन्हाळ्यात पाणी कमी झालं की कासव चिखलात दडून बसतं, हे मला पुढं कळलं. ते मेलं म्हणून मी सगळं गाव धुंडाळत होतो, आणि ते माझ्याच काठाखाली बसलं होतं. मी रोज ज्या जागी उभा राहून काठीच्या खुणा बघायचो, बरोबर तिथं.

दादानं कासवाला उलटं-सुलटं करून बघितलं. "जाड झालंय बे," तो म्हणाला. "काय घातलंस ह्याला?"

"दूध," बायको मागून म्हणाली.

वहिनी अंगणात आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दादानं कासव परत मुळांपाशी सोडलं. ते चिखलात रुतलं, एक बुडबुडा आला, संपलं.

"विहिरीला पानी येईस्तोर हितंच राहू दे," दादा पायाचा चिखल गवताला पुसत म्हणाला. "पर तू हात लावायचा न्हाई. तिकडं छावनीतच ऱ्हा."

पाणाड्या अस्वस्थ झाला. "मग बोअरचं काय ठरलं?"

"आमची विहीर हाय," दादा म्हणाला. "दोघांची हाय. नारळ फोड तेवढा."

"अहो, ह्यो जागा बघायचा नारळ हाय."

"बघितली न्हवं जागा? फोड."

पाणाड्यानं माझ्याकडं बघितलं, मी बायकोकडं. बायकोनं नारळ त्याच्या हातातून काढून घेतला आणि तळ्याच्या काठावरच्या विटेवर फोडला. पाणी तळ्यात सांडलं. नारळाच्या पाण्यानं काय होईल, शेवाळ वाढेल का, आंबेल का? मी पुढं झुकलो.

"हात!" दोन्ही जावा एकदम ओरडल्या.

मी हात मागं घेतला. दादानं खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढं केला. तळ्याकडं बघत बघत मी तो खाल्ला.